दुसरा दगड उभा

दगडाला स्मरण असते. तो जिथे वर्षानुवर्षे पडून राहतो तिथली ओल, तिथला अंधार तो आपल्या खालच्या अंगावर जपून ठेवतो, आणि त्याला उचलणारा एक उनाड हात हे सारे एका क्षणात पुसून टाकतो. ही दोन वाक्ये त्याने पुष्कळ वर्षांपूर्वी नदीकाठच्या फलकासाठी चार दिवस खपून लिहिली होती. विभागप्रमुखबाईंनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "छान आहे हो. पण फलक तीन फूट बाय दोन फूट आहे. त्यात दगडाचं स्मरण कुठे बसवू? रंगारी म्हणतो, तीन ओळींच्या वर गेलात तर मी अक्षरं मुंगीएवढी काढीन." तेव्हा शेवटी फलकावर जे लागले ते असे: 'नदीपात्रात दगडांवर दगड रचू नयेत. रचल्यास स्वतः उतरवून मूळ जागी ठेवावेत. हुकुमावरून.' हेही त्याचेच होते. शहरातल्या बागा, तळी आणि काठ यांच्यावरचे सगळे फलक गेली सत्तावीस वर्षे त्याच्याच टेबलावरून जात आले होते. फुले तोडू नयेत, पाण्यात उतरू नये, बाकावर उभे राहू नये, बदकांना पाव घालू नये. विभागात त्याला फलकराव म्हणत, आधी पाठीमागे आणि मग समोरही. टायपिस्टबाई तर फोनवरही तसेच सांगायच्या, "फलकराव जागेवर नाहीत, जेवायला गेलेत, जेवू नये असं कुणी लिहिलेलं नाही म्हणून." तो हसायचा. बायको मात्र हे विनोदाने म्हणत नसे. "तुम्ही लग्नाआधी मला पत्र लिहिलंत, त्यातसुद्धा शेवटी 'उत्तरास विलंब करू नये' असं होतं," असे ती पाहुण्यांसमोर सांगे, आणि पाहुणे हसले की उठून आत जाई.

दगडांच्या बाबतीत मात्र त्याला फलकापलीकडचे पुष्कळ माहीत होते, आणि ते विचारायला कुणी येत नव्हते. डोंगरवाटेवर जुन्या लोकांनी धुक्यात वाट सापडावी म्हणून रचलेला ढीग असेल तर त्याला बोट लावायचे नाही, त्यावर आपला एक दगड चढवायचाही नाही, कारण त्या ढिगाच्या आकारावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो. पण ओढ्यात, नदीत, हौसेने रचून, फोटो काढून, तसेच सोडून दिलेले मनोरे उतरवायचे. उतरवायचे, ढकलायचे नाहीत. ढकलून देणारा आणि रचणारा, दोघे सारखेच. वरून एकेक उचलायचा, उलटा करून बघायचा. उन्हाची बाजू फिकट असते, कोरडी, जराशी खरखरीत. खालची बाजू काळपट, बुळबुळीत, आणि तिच्यावर वाळूच्या कणांची इवली नळकांडी चिकटलेली असतात. त्यांच्यात किड्यांची पिल्ले राहतात. प्रत्येक दगडाचे पात्रात एक घर असते, म्हणजे एक खळगा, त्या दगडाच्याच बुडाच्या मापाचा. तो शोधायचा आणि काळी बाजू खाली करून दगड त्यात ठेवायचा. बरोबर घर मिळाले तर एक बारीकसा आवाज येतो. पेटीचे झाकण नीट बसल्यासारखा. तो आवाज त्याला फार आवडे. खरे सांगायचे तर त्याच्या नोकरीत एवढी एकच गोष्ट अशी होती की ती झाली म्हणजे झाली, तिच्यावर पुन्हा कुणाचा शेरा येत नसे.

तर एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो नेहमीप्रमाणे कचेरीमागच्या पादचारी पुलाखाली उतरला आणि त्याला पाच दगडांचा एक मनोरा दिसला. काठापासून तीन पावलांवर, उथळ पाण्यात, एका सपाट खडकावर, फलकाच्या अगदी नाकासमोर. त्याने बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मनोरा उतरवला. पाचही घरे दहा मिनिटांत सापडली. पाय पुसायला रुमाल एकच होता, त्यामुळे दुपारभर मोजे ओले राहिले आणि टेबलाखाली पाय एकमेकांवर घासत त्याने 'झोपाळ्यावर बारा वर्षांवरील व्यक्तींनी बसू नये' याचा मसुदा पुरा केला. पुढच्या गुरुवारी मनोरा पुन्हा तिथेच होता. तेच पाच दगड, तोच खडक. त्याने पुन्हा उतरवला. तिसऱ्या गुरुवारी त्याने घरून टॉवेल आणला. चौथ्या गुरुवारी त्याने पँट दुमडली, पाण्यात उतरला, वरच्या दगडाला हात घातला आणि तसाच थांबला. पाणी नडग्यांना थंड लागत होते. वरून पुलावरून कुणीतरी ढकलगाडी नेत होते, तिची चाके फळ्यांवर खडखडत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, आणि तेवढा वेळ तो हात न काढता उभा होता. खालचा दगड आडवा होता. तिसरा, चौथा, पाचवाही आडवा, कुणीही रचील तसा. पण दुसरा दगड उभा होता. कडेवर, सुरीसारखा, दोन चिपा लावून घट्ट केलेला. चारही आठवडे तो तसाच असणार, आणि आधीचे तिन्ही आठवडे त्याने तो हातात घेऊन, काळी बाजू बघून, त्याच्या घरी नेऊन ठेवला असणार.

दुसरा दगड उभा ठेवणारी एकच व्यक्ती त्याच्या माहितीची होती. ती बिस्किटेही तशीच रचायची. एक आडवे, त्यावर एक उभे, मग बाकीची आडवी, आणि ते सगळे तोललेले असताना दुधाचा पेला उचलायची, डोळे मनोऱ्यावर ठेवून. साबणाच्या वड्या, काडेपेट्या, त्याच्या शिक्क्यांचे लाकडी ठोकळे, जुनी पाठ्यपुस्तके, सगळ्यांत दुसरे उभे. "असं का ग करतेस? पडेल की," असे तो विचारायचा. "पडेल म्हणून तर," असे मुलगी म्हणायची, आणि त्याला ते उत्तर अपुरे वाटायचे. मुलगी आठ वर्षांची असताना ते तिघे शहराबाहेर एका ओढ्यावर गेले होते, सुट्टीचा दिवस होता, बायकोने ब्रेड आणि उकडलेली अंडी घेतली होती. तो सतरंजीवर आडवा होऊन वर्तमानपत्र वाचत होता, आणि वाचून झाल्यावर बघतो तर मुलीने सहा दगडांचा मनोरा उभा केलेला, कमरेएवढा, दुसरा दगड उभा. "बाबा, बघा!" मुलगी ओरडली. त्याने बघितले. आणि मग तो बोलला. काय बोलला ते त्याला आजही शब्दन् शब्द आठवत होते, कारण ते त्याच आठवड्यात कचेरीत लिहिलेले होते. "रचल्यास स्वतः उतरवून मूळ जागी ठेवावेत." हसतच म्हटले होते त्याने, पण मागे हटला नव्हता. मुलीने एकेक दगड उतरवला. पाच दगड ठेवले. सहावा, सगळ्यात वरचा, तिच्या मुठीएवढा, करडा, एका अंगाला पांढरी शीर असलेला, त्याचे घर तिला आठवेना. "शोध," तो म्हणाला. "असेल तिथेच कुठेतरी." मुलगी वाकून शोधत राहिली. पाण्यात चेहरा दिसावा इतकी वाकून. बायको म्हणाली, "अहो, पुरे ना, दगडच आहे." तो म्हणाला, "तिला कळू दे." त्याने घड्याळही बघितले होते, चाळीस मिनिटे. शेवटी ऊन कलले तेव्हा मुलगी रडत नव्हती, हे त्याला विशेष आठवत होते, तिने फक्त मूठ मिटली आणि दगड मुठीत घेऊन गाडीत बसली. तो नको म्हणाला नाही, आणि आपण किती सूट दिली याचे त्याला त्या दिवशी कौतुकही वाटले होते. पुढे तो दगड मुलीच्या खोलीतल्या खिडकीच्या कट्ट्यावर पडून असे. शाळा झाली, कॉलेज झाले, नोकरी लागली. धूळ पुसताना बायको तो उचलायची आणि पुन्हा ठेवायची. काळी बाजू खाली, कुणीही न सांगता.

मुलगी घर सोडून गेली त्याला दोन वर्षे चार महिने झाले होते. भांडण असे काही नव्हतेच, भांडण झाले असते तर ते कुठेतरी संपले असते. मुलीने चांगली, टेबलखुर्चीची नोकरी एका सोमवारी सोडली आणि तीन आठवड्यांनी, जेवताना, मीठ मागावे तशा आवाजात सांगितले की नोकरी सोडली आहे, आता दुसऱ्या गावी जाणार आहे, तिथे एका मैत्रिणीबरोबर मातीची भांडी करणार आहे आणि विकणार आहे.  बोलता येईना म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कचेरीच्या कागदावर आपले म्हणणे मांडले. वर विषय लिहिला: 'घर सोडण्याबाबत'. खाली चार परिच्छेद. सुज्ञ व्यक्तीने असे पाऊल उचलू नये, आईच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष करू नये, नंतर तक्रार करू नये. शेवटी सही, कारण सहीशिवाय कागद हातावेगळा करायची त्याच्या हाताला सवयच नव्हती. संध्याकाळी त्याने तो घडी घालून मुलीच्या उशीवर ठेवला. दोन दिवसांनी मुलगी गेली. कागद जेवणाच्या टेबलावर होता, मिठाच्या डबीखाली, आणि समासात तिने, कचेरीत साहेब लोक लिहितात तसे, तिरके लिहिले होते, 'पाहिले.' खाली तारीख. तो कागद हातात धरून बराच वेळ उभा होता आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की शेरा अगदी योग्य जागी आहे. दगड खिडकीच्या कट्ट्यावर तसाच होता. बाकी मुलीने सगळे नेले होते, कंगवासुद्धा.

तेव्हा चौथ्या गुरुवारी त्याने वरच्या दगडावरचा हात काढून घेतला, टॉवेलने पाय पुसले आणि मनोरा न उतरवता तो काठावर आला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने आपल्याच फलकाखाली आपल्या नियमाचा भंग होऊ दिला होता. भंग करून त्याला भूक लागली. पण दुपारी टेबलाशी बसल्यावर त्याला उमगले, की आपण आजवर तीनदा उतरवला. तीनदा! म्हणजे ती येते, रचते, सांगते की मी आहे, आणि आपण प्रत्येक वेळी तिचे म्हणणे दगड दगड वेगळे करून घरोघर पोचवतो. आणि तरी ती चौथ्यांदा आली. तिने फलकाच्या समोरचीच जागा निवडली. फलक कुणाचा हे तिच्याइतके कुणाला माहीत? पाचव्या गुरुवारी तो गेला, मनोरा होता. त्याने त्याला हात लावला नाही, फक्त खालच्या चिपांतली एक सैल झाली होती ती अंगठ्याने आत दाबली. हे त्याचे उत्तर होते. हे उत्तर तिला कळेल का, की ते फार मोघम झाले, यावर त्याने संबंध शुक्रवार घालवला. मनोरा बुधवारी रचला जातो हे त्याने ताडले होते, कारण एका मंगळवारी पावसाने तो पाडला आणि गुरुवारी तो पुन्हा उभा होता. बुधवारी दहा ते एक विभागाची बैठक असे. एका बुधवारी तो बैठकीतून "पोटात गोळा आलाय" असे सांगून उठला. "जिना उतरताना कठड्यास टेकू नये," असे टायपिस्टबाई पाठीमागून म्हणाल्या, आणि सगळे हसले. तो पुलाच्या टोकापर्यंत गेला. खाली पाण्यात कुणीतरी होते. टोपीचा रेनकोट घातलेले, पाठमोरे, वाकलेले, हात पाण्यात. अंगाने बारीक. तो कठड्याला धरून उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आले की आपल्याजवळ वाक्य नाही. पहिले वाक्य. त्याने डोक्यात तीन मसुदे केले, तिन्हींच्या शेवटी 'नये' आले. चौथा करायला घेतला आणि खालची आकृती सरळ होऊ लागली, मान वळू लागली, तेव्हा तो गर्रकन फिरला आणि कचेरीत येऊन बैठकीत आपल्या जागी बसला. बैठकीत तेव्हा रचणे थांबवायला फलक पुरेसा आहे की दंड ठेवावा, यावर चर्चा चालली होती. "फलकराव, तुमचं मत?" विभागप्रमुखबाईंनी विचारले. "थोडं सबुरीनं घ्यावं," तो म्हणाला. टायपिस्टबाईंनी हे टिपून घेतले आणि मग वर बघितले. त्यांच्या माहितीप्रमाणे हे त्याचे पहिलेच होकारार्थी वाक्य होते.

घरी सांगावे की नाही याचा त्याने महिनाभर घोळ घातला. मग एकदा चहाच्या वेळी, कप खाली ठेवत, तो म्हणाला, "ती इथं आहे." बायको स्वेटरची उसवलेली बाही शिवत होती. "कोण?" "कोण म्हणजे? आपली." मग त्याने सगळे सांगितले, पुलाखालचा खडक, पाच दगड, उभा दुसरा, रेनकोट. बायको सुई हातात तशीच धरून ऐकत राहिली. दोरा संपला होता तरी तिने दुसरा ओवला नाही. "तुम्ही चेहरा बघितलात?" तिने विचारले. "बघितला नाही. पण बांधा तोच." "दुसरं कुणीही असेल हो." "दुसरा दगड उभा कोण ठेवतं? तूच सांग."  बायको बाही बघत म्हणाली, "थंडीसुद्धा तिकडे किती असते, आणि एक धड स्वेटर नेला नाही तिनं." 'तिकडे' या शब्दापाशी त्याचे मन क्षणभर अडखळले, पायाखालची फरशी हलावी तसे, पण तेवढ्यात त्याला पुढचे सुचले होते आणि तो खुर्चीवरून उठलाच. बायकोचे रविवारी सकाळी गच्चीवर जाऊन तासभर आपल्या धाकट्या बहिणीशी फोनवर बोलणे, पाऊस असला तरी छत्री घेऊन जाणे, हेही त्याला त्या क्षणी आठवायला हरकत नव्हती. आठवले नाही. तो मुलीच्या खोलीत गेला होता. कट्ट्यावरून त्याने दगड उचलला. करडा, पांढऱ्या शिरेचा. आठ वर्षांच्या मुठीएवढा म्हणून तो लक्षात राहिला होता, आणि आता त्याच्या तळहातावर अंड्याएवढा वाटत होता. काळी बाजू आता काळी राहिली नव्हती. इतकी वर्षे उन्हात, कोरड्या कट्ट्यावर. दोन्ही बाजू सारख्याच फिकट. "कुठे नेताय तो?" बायको दारात उभी होती. "देतो तिला," तो म्हणाला. "सांगतो की... म्हणजे सांगत नाही, ठेवतो फक्त." बायको दारातून बाजूला झाली नाही. "राहू द्या ना इथं," ती म्हणाली. "तेवढंच आहे खोलीत." "अग, तिचाच तर आहे." बायकोने वाट दिली.

मंगळवारी त्याने तो दगड मनोऱ्यावर ठेवला, सहावा म्हणून. नदीपात्रात बाहेरून दगड आणू नयेत, असे त्यानेच तीन वर्षांपूर्वी वरच्या अंगाच्या घाटासाठी लिहिले होते.  दोनदा दगड घरंगळला, तिसऱ्यांदा बसला. गुरुवारी तो जेवलाच नाही, सुट्टी सुरू होताच जिना उतरला. मनोरा होता. पाच दगड. सहावा नव्हता. पाण्यात पडला असेल म्हणून त्याने खडकाभोवती हातभर बघितले. नव्हता. पडलेला नव्हता, नेलेला होता. तो तिथेच काठावर गवतात बसला. खूप वर्षांनी त्याला आपल्या छातीची पेटी मोकळी वाटत होती, तिच्यावर कुणीतरी टेकून उभे होते आणि आता ते चालायला लागले, तसे. घरी बायकोला त्याने दारातच सांगितले, "नेला तिनं." बायकोचा चेहरा त्याला हवा होता तसा झाला नाही. "हो?" ती म्हणाली. "बरं झालं." आणि गॅसवर काही नसताना गॅस बंद करायला गेली. पुढचे तीन दिवस तो शीळ घालत होता. शुक्रवारी त्याने लहान मुलांच्या बागेसाठी फलक लिहिला, 'या, खेळा,' आणि रंगाऱ्याने फोन करून विचारले, "साहेब, पुढचा कागद राहिला का पाठवायचा?"

सोमवारी आवक-जावकच्या कारकुनाने त्याच्या टेबलावर एक पत्र ठेवले. "तुमच्या फलकाखालचंच प्रकरण आहे," कारकून म्हणाला. पत्र पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे होते, नमुने गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या तक्रारीवरून लिहिलेले, सभ्य आणि त्रासलेले. दर बुधवारी पादचारी पुलाखालून नदीच्या पाण्याचा नमुना घेतला जातो. तो दर वेळी नेमक्या त्याच जागेवरून घ्यावा लागत असल्याने खूण म्हणून तेथे पाच दगड रचून ठेवण्यात येतात. दुसरा दगड उभा ठेवण्याचे कारण असे की त्याच्या फटीतून तापमापकाची दोरी ओवून तो पंधरा मिनिटे पाण्यात सोडता येतो. ही खूण आपल्या विभागाच्या काठावर कोणी अज्ञात इसम सुरुवातीस वारंवार मोडत असे. अलीकडे मोडत नाही, परंतु गेल्या बुधवारी त्याने तिच्यावर या नदीतला नसलेला एक दगड आणून ठेवल्याचे आढळले. त्याच्या भाराने खूण कलत असल्याने कर्मचाऱ्याने तो दगड प्रवाहात फेकून दिला. तरी आपल्याकडून योग्य तो फलक लावण्यात यावा. त्याने पत्र दोनदा वाचले. 'प्रवाहात' या शब्दावर बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचले. खोलीत टायपिस्टबाई कुणाला तरी सांगत होत्या, "तेच तर म्हणते मी, एकदा हो म्हटलं की माणूस सुटतो." त्यांचे काहीतरी वेगळेच चालले होते.

घरी त्याने हे सांगितले नाही. बूट काढायला स्टुलावर बसला आणि एक बूट काढून दुसरा तसाच पायात ठेवून बसून राहिला. बायको समोर येऊन उभी राहिली. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत, सोडत. "मला तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली. "काल मी तिला विचारलं." "कुणाला?" "तिला. दर रविवारी बोलते मी तिच्याशी. गेल्या वर्षापासून. तुम्हाला सांगायचं नाही असं तिनं वचन घेतलं होतं." त्याने वर बघितले. गच्ची, छत्री, 'तिकडे', सगळे आपापल्या खळग्यात जाऊन बसले, आणि तो बारीक आवाजही आला. "इथं नाही ती?" "नाही हो. दोन दिवसांच्या वाटेवर आहे. भट्टी घातलीय दोघींनी." "मग तू इतके दिवस मला..." "काय सांगणार होते? तुम्ही दर गुरुवारी इतके नीट भांग पाडून जात होतात."  मग त्याने विचारले, "आणि दगडाचं? काय म्हणाली?" बायको त्याच्या शेजारी, दाराच्या उंबऱ्यावर बसली. "कुठला दगड, म्हणाली." "ओढ्यावरचा. चाळीस मिनिटं..." "सांगितलं मी सगळं. तिला आठवत नाही. खिडकीतला तो पेपरवेट होता ना, म्हणाली." आणि मग बायको, रडू आले असताना हसू यावे तशी, जराशी हसली. "त्या सहलीचं एवढंच आठवतं म्हणाली, की माझी, म्हणजे आईची, एक चप्पल वाहून गेली, आणि तुम्ही दुसरीही काढून पाण्यात सोडून दिलीत. एकटीनं जायला नको म्हणून." "मी?" "तुम्हीच. मी अनवाणी आले होते गाडीपर्यंत, विसरलात?" तो विसरला होता. त्याने फार आठवून पाहिले. ओढा आठवला, वर्तमानपत्र आठवले, घड्याळ, मुलीची वाकलेली पाठ. आणि पाण्यात चप्पल सोडणारा तो माणूस कुठेच दिसेना. त्या माणसाला त्याने कधी बघितलेच नव्हते. मुलीने बघितले होते, आणि बरोबर घेऊन गेली होती.  "बोलेल का माझ्याशी?" त्याने विचारले. "तेही विचारलं," बायको म्हणाली. "काय म्हणाली?" "बघू, म्हणाली." बायकोने वाकून त्याच्या दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तो पुलाखाली गेला. बूट काढले, पँट दुमडली, खडकापासून खाली, प्रवाहाच्या दिशेने, वाकून वाकून शोधू लागला. पात्रभर करडे दगड होते. पांढऱ्या शिरेचेही पुष्कळ निघाले. आजवर इतके दगड हाताळून ही गोष्ट त्याच्या कधी ध्यानात आली नव्हती. प्रत्येक उचलायचा, उलटा करायचा, परत ठेवायचा. सगळ्यांनाच काळी बाजू होती. ज्याला नाही असा एकही सापडेना, आणि त्याच्या एकदम लक्षात आले की पाण्यात पडून त्या दगडालाही आता ओल धरू लागली असेल. पुलावरून जाणारी दोन पोरे थांबली. "ओ काका," एक ओरडला, "फलक वाचला नाही का?" चाळीस मिनिटांनी त्याने पाय पुसले.

प्रयोगशाळेला त्याने त्याच दिवशी उत्तर लिहिले. 'आपले पत्र पाहिले,' अशी सुरुवात केली आणि पेन थोडा वेळ तिथेच थांबले, पण कचेरीच्या पत्राची सुरुवात अशीच करतात. उभा दुसरा दगड कुणाच्याही हाताने हलू शकतो, तेव्हा कायमची खूण असावी, असे त्याने सुचवले. विभागप्रमुखबाईंनी ते मंजूर केले.

पंधरा दिवसांनी तिथे लोखंडी खुंटी ठोकली. ठोकताना पाच दगड आड येत होते म्हणून कामगारांनी ते पाण्यात ढकलले. खुंटीला क्रमांक अकरा दिला आहे.